मास्तरांची नागलीची बिस्किटं

आमचे ड्रॉइंग मास्तर सायकलच्या साखळीला वनस्पती तूप लावायचे. तेल नव्हे, ग्रीस नव्हे, वनस्पती तूप. दर सोमवारी शाळेच्या पायरीपाशी सायकल उलटी उभी करायची, कोटाच्या खिशातून डबी काढायची आणि ते पांढरं तूप बोटाने एकेका कडीला चोळत बसायचं, हा त्यांचा नेम. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "यंत्राला हे उत्तम. घशाखाली घालायची वस्तू नव्हे ही." विचारणाऱ्याच्या घरी आदल्याच दिवशी त्याच तुपातला शिरा झालेला असायचा. तो सायकलला वळसा घालून निघून जाई.

मैद्यावर तर त्यांचा याहून मोठा राग. वर्गात चित्रं चिकटवायला लागणारी खळ ते मैद्याची करत. कोपऱ्यात स्टोव्ह पेटवून खळ शिजत घातली की आम्हाला भोवती गोळा करायचे, पळी उंच उचलायचे आणि तिची लांबलचक तार दाखवायचे. "या खळीने लावलेला कागद भिंतीवर दोन पावसाळे टिकतो. तुमच्या आतड्याला काय चिकटवायचंय?" त्या दिवसापासून माझ्या धाकट्या भावाने पाव खायचं सोडलं ते चार महिने. आईने त्याबद्दल मास्तरांना कधी माफ केलं नाही.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. डोंबिवली तेव्हा एवढीशी होती. स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की भातखाचरं लागत, पाणी विहिरीचं, आणि साखर रेशनवर. आमची शाळा चार खोल्यांची, मुलं सारी मिळून सव्वाशे. मास्तर आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. मूळचे कल्याणचे. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास, पण चेहऱ्यावरून साठीचे वाटायचे, गाल आत गेलेले, आणि ओठांवर अशी भली मोठी झुपकेदार मिशी की तोंड कुठे आहे ते बोलायला लागल्यावरच कळे. बोलणंही जरा बोबडं, तोंडातल्या तोंडात. ते त्या मिशीमुळे, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललं होतं.

त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा म्हणजे ते कोणासमोर खात नसत. चहा घेत, ताक घेत, पण खायचा जिन्नस हातावर पडला की खिशातून मोठा चौकटीचा रुमाल निघे, जिन्नस त्यात बांधला जाई आणि रुमाल पुन्हा खिशात. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ते असाच बांधून नेत. चाळीतल्या बायका म्हणायच्या, मेल्याला आपल्या हातचं चालत नाही. आई तर म्हणायची, हा माणूस आपल्याला काय समजतो कोण जाणे.

उन्हाळ्यात चाळीत कोणी कलिंगड किंवा खरबूज कापलं की मास्तर वाटी घेऊन दारात हजर. "गर तुम्ही खा. बिया मला." त्या बिया ते राखेत घोळवून, धुऊन गॅलरीत वाळवत आणि दुपारभर आम्हा पोरांना सोलायला बसवत. भोपळ्याच्याही तशाच. सोललेल्या बिया बरण्यांत भरून खिडकीत ओळीने ठेवलेल्या असत. एवढ्या बियांचं तुम्ही करता काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "हे माझे रंग." मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. शनिवारचा शेवटचा तास हस्तव्यवसायाचा असे आणि तो मास्तरांचा. इतर मास्तर त्या तासाला मुलांना टकळी देऊन स्वतः पेंगत. आमचे मास्तर चिकणमातीची फळं, प्राणी, भांडी करून घेत. मला गणित येत नसे, पाढे तेराच्या पुढे जात नसत, कवायतीत माझा पाय कायम उलटा पडे. आठवड्यात तो एकच तास असा होता की ज्यात मी वर्गात पहिली असे. त्या तासासाठी मी बाकीचा आठवडा काढायची.

एका दिवाळीआधी मास्तर म्हणाले, मातीचा आंबा करायचा आणि संध्याकाळी मोडून पुन्हा माती करायची, यात तुमच्या पोटाला काय मिळतं? यंदा आपण खायचं चित्र काढू. "कागदावरचं चित्र भिंतीला लागतं. हे अंगाला लागेल."

मग रविवारी ते रेल्वेने खडवलीला गेले आणि तिथल्या ओळखीच्या एका शेतकरीण बाईकडून नागली घेऊन आले. नाचणीला आमच्या भागात नागलीच म्हणतात. पिशवी त्यांनी आम्हाला उघडून दाखवली आणि त्या बाईचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "मास्तर, यंदाची नागली काली हाय, पन गोड हाय." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की पुढे महिनाभर ते कुठल्याही गोष्टीला लावत. आमच्या वर्गातल्या एका सावळ्या, लाघवी मुलीलासुद्धा लावलं. ती रडायच्या ऐवजी खूश झाली.

बिस्किटांची रीत मास्तरांची स्वतःची. गुळाचा पाक करायचा, चांगला गोळीबंद. तो नागलीच्या आणि गव्हाच्या पिठात ओतायचा, आणि मग मळायचं. "मळा. मातीला मळता तसं. हात दुखेपर्यंत मळा." आम्ही तास दीड तास मळलं. मग लाटून आकार कापले आणि वर बियांची चित्रं लावली. इथे मास्तरांचा कडक नियम होता. रांगोळीतलं कमळ, स्वस्तिक, मोर काही चालायचं नाही. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेच. त्यामुळे कोणी रेल्वेचा सिग्नल केला, कोणी विहिरीचा रहाट, कोणी आजोबांचा चष्मा. तीळ, खसखस, खोबऱ्याचा कीस, खजुराचे काप आणि उन्हाळाभर सोललेल्या त्या बिया. ताटं अशी दिसत होती की खावंसं वाटू नये.

तेव्हा घरी भट्टी कोणाकडेच नसे. दिवाळीत नानकटाई करायची तर पीठ घरी तयार करून ताटं बेकरीत न्यायची. दुपारी पाव निघून भट्टी जरा निवली की बेकरीवाले चाचा गिऱ्हाइकांची ताटं आत सरकवत. चाचा भिवंडीकडचे, अंगाने थोराड, बोलायला फटकळ. आमची काळीकुट्ट ताटं पाहून म्हणाले, "मास्तर, आपली भट्टी नानकटाईची हाय. गोवऱ्या भाजायच्या तर चुलीत भाजा ना." मास्तर शांतपणे म्हणाले, भाजा तर खरं.

भाजून निघाली तेव्हा बिस्किटं चमकत होती. एकाही चित्राची बी हलली नव्हती. मास्तर ताटांभोवती फिरत होते आणि मिशी थरथरत होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर मानाचं पहिलं बिस्कीट उचललं, सिग्नलचं, आणि चावलं. टक्कन आवाज झाला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. हेडमास्तरांनी गालावर हात ठेवला, पाठ फिरवली, आणि वळले तेव्हा त्यांच्या तळहातावर अर्धी दाढ होती. त्याच दुपारी ते ठाण्याला दातांच्या डॉक्टरकडे गेले.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास गणिताचा झाला होता.

ती बिस्किटं मात्र वाया गेली नाहीत. चाळीतल्या पोरांनी त्या दिवाळीत अंगणात किल्ला केला, त्याची तटबंदी सगळी नागलीची. मुंग्यासुद्धा दोन दिवस भोवती फिरून परत गेल्या. तुळशीचं लग्न झालं तरी किल्ला उभा. येणारे-जाणारे हसायचे. मास्तर गॅलरीतून खाली बघत उभे राहायचे आणि कधी कधी म्हणायचे, बुरूज बाकी पक्के झालेत. त्यात विनोद होता की दुःख ते मला तेव्हा कळत नव्हतं. पण शनिवारी शेवटच्या तासाला ते स्टाफरूममध्ये रिकामे बसलेले दिसत, समोर कोरा कागद, हातात पेन्सिल, आणि कागदावर काहीच नाही. तेव्हा मात्र मला कळायचं. माझं तर त्या तासाबरोबर सगळंच गेलं होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं. चाळीत नानकटाई करावी तर आईनेच, असं तिच्याशी न पटणाऱ्या बायकासुद्धा मानायच्या. पितळी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन ती तळहाताने फेसायला बसली की घरात कोणी बोलायचं नाही. पांढरंशुभ्र, हलकं झालं की त्यातला एवढासा थेंब पाण्याच्या वाटीत सोडायची. तरंगला तर ठीक, बुडाला तर पुन्हा फेसणं. साखर रेशनची, दोन महिने साठवलेली, म्हणून एकेक नानकटाई मोजून होई. त्या दिवाळीत, म्हणजे दाढेच्या दिवाळीतच, तिने मास्तरांकडे ताट पाठवलं. चाळीत राहणारा माणूस, एकटा, म्हणून. मास्तरांनी रुमालात बांधलं, आणि वर म्हणाले, "वहिनी, हात कलावंताचा आहे. पण पीठ खळीचं."

आई पुढे जवळजवळ वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. विहिरीवर ते दिसले तर कळशी अर्धी भरून परत यायची. घरात त्यांचा विषय निघाला की म्हणायची, आपल्या दगडांना शाळेत मेडल लावा म्हणावं.

पुढच्या वर्षी गणपती उठून गेल्यावर एका रविवारी दुपारी मी सोललेल्या बियांची वाटी द्यायला त्यांच्या खोलीत गेले. तास बंद झाला तरी बिया सोलणं चालूच होतं, ते का चालू होतं हे ना मी विचारलं होतं ना त्यांनी सांगितलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि आत पाहिलं तर मास्तर पाटावर जेवत बसलेले. ताटात भाकरी ताकात भिजवून पार काला केलेला. डाव्या हाताने मिशी वर धरली होती आणि उजव्या हाताने तो काला तोंडात टाकत होते. तोंडात एकही दाढ नव्हती. वरचे दातही नव्हते. खाली समोर दोन, बस्स. 

त्यांनी मला पाहिलं. मिशी सोडली. मग म्हणाले, "बघितलंस ना? आता बस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कल्याणला त्यांच्या वडिलांचं मिठाईचं दुकान होतं. घरात एकुलता एक मुलगा, म्हणून लाड सगळे गोड. रडला की बत्तासा, पडला की जिलबी, झोपताना पेढा. पेढ्यांवर काडीने नक्षी काढायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे होतं, तिथेच हाताला चित्राचा नाद लागला. पण दुधाचे दात पडून आलेले पक्के दातही किडत गेले, आणि तिशीपर्यंत तोंड रिकामं झालं. वडिलांनी ठाण्याहून कवळी करून आणवली होती. "ती घातली की वाटायचं, दुसऱ्याच कोणाचं तरी तोंड आपल्या तोंडात आलंय." ती ब्रशांच्या डब्यात पडून होती, त्यांनी काढून दाखवली. दुकान त्यांनी विकलं आणि ड्रॉइंगची परीक्षा दिली. तेव्हापासून कोणासमोर घास घेतला नव्हता.

मला एकच प्रश्न सुचला. "म्हणजे मास्तर, ती बिस्किटं तुम्ही खाऊन बघितलीच नव्हती?"

"कशाने खाणार?" ते म्हणाले. "जिभेवर ठेवून बघितलं होतं एक. चव चांगली होती."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. गावभरच्या पोरांच्या दातांची काळजी करणाऱ्या माणसाने बिस्कीट केलं, आणि ते चावता येतं का हे त्यालाच कळायला मार्ग नव्हता. पाक त्यांनी केला तो बापाच्या दुकानात शिकलेला, गोळीबंद, चिक्कीचा. मळलं ते मातीसारखं, कारण आयुष्यभर माती मळली होती. दोन्ही गोष्टी त्यांना उत्तम येत होत्या आणि त्या दोन्हींनी घात केला होता.

निघताना त्यांनी मला बजावलं, कोणाला सांगू नकोस. आणि दाराशी आल्यावर, जणू आठवलं म्हणून, म्हणाले, "तुझ्या आईची नानकटाई मात्र दुधात पडली की विरघळते. चौदा होत्या. सगळ्या मी खाल्ल्या."

मी कोणाला न सांगण्याची शपथ घेतली आणि तडक जाऊन आईला सांगितलं. आईला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं, असं मी त्या वयात धरत नव्हते.

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "एकही दाढ नाही?"

"नाही."

"आणि माझी नानकटाई?"

"चौदाच्या चौदा खाल्ल्या म्हणाले. दुधात."

 आईने उरलेले तांदूळ निवडले आणि सूप भिंतीला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फडताळातून पितळी परात काढली, काखेत मारली, मला बरोबर घेतलं आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. वर्षभराने ती त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं. "मास्तर, पाक करायला कोणी सांगितला होता तुम्हाला?"

मास्तर उठून उभे राहिले. वर्गात इन्स्पेक्टर आला की उभे राहत तसे.

मग आई त्यांच्या खोलीत परातीपुढे बसली आणि आमचा खरा हस्तव्यवसाय सुरू झाला. नागलीचं पीठ मंद विस्तवावर खमंग भाजून निववायचं. गूळ चिरायचा नाही, किसायचा, आणि चाळून घ्यायचा. साजूक तुपात तो तळहाताने फेसायचा, हात भरून येईपर्यंत. पीठ घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं एकत्र करायचं, भिजलेल्या वाळूसारखं. मास्तरांचा हात राहून राहून मळायला जायचा आणि आई तो पळीने बाजूला सारायची. एकदाच भांडण झालं. आई म्हणाली, मूठभर मैदा घाला, नाहीतर आवळून येणार नाही. मास्तर म्हणाले, मग मी आताच उठतो. शेवटी वस्त्रगाळ कणीक आणि चमचाभर दही यावर तडजोड झाली. गुळाचा थेंब पाण्यात सोडला तो पहिल्यांदा बुडाला, दुसऱ्यांदा बुडाला, तिसऱ्यांदा जरासा खाली जाऊन वर आला. आई परातीवरून हात काढत म्हणाली, आता पीठ घाला, मग भाजा.

तिची अट एकच होती. मास्तरांना खाता आली तरच पोरांना द्यायची. पहिल्या खेपेची बिस्किटं, आमच्या चुलीवर झाकलेल्या पातेल्यात भाजलेली, रुमालात बांधून गेली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी परत आली. दुसऱ्या खेपेची दोन परत आली. तिसऱ्या दिवशी मास्तर आमच्या दारात आले, रुमाल उलगडला आणि झटकला. दोन तीळ जमिनीवर पडले. आईने ते झाडून घेतले आणि वळून पदराने डोळे पुसले, असं मला वाटलं. नंतर विचारलं तर म्हणाली, धूर झाला होता.

त्या बळावर मास्तर हेडमास्तरांकडे गेले. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी मुलांना खाऊ म्हणून बिस्किटं द्यायची परवानगी मागितली, आणि शनिवारचा तासही. हेडमास्तर वाईट मनुष्य नव्हते, पण दाढ त्यांना रोज जेवताना आठवायची. ते म्हणाले, "एक दाढ दिली मी शाळेला. दुसरी देणार नाही. सगळ्या शाळेसमोर आधी तुम्ही एक अख्खं बिस्कीट खायचं. खाल्लंत तर तास परत. नाहीतर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही."

मास्तरांनी हे आम्हाला गॅलरीत सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आई म्हणाली, मग खा की, तुम्हाला तर येतात खाता.

"मिशी वर धरावी लागते, वहिनी. तोंड उघडावं लागतं. सव्वाशे पोरं."

"हसतील म्हणून?"

"हसतील म्हणून."

 मास्तर खोलीत गेले आणि दाराला आतून कडी लागली. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

आईने मात्र हो झाल्यासारखी कामाला सुरुवात केली. वर्षभर मास्तरांच्या नावाने बोटं मोडणारी बाई चाळीत दारोदार फिरून प्रत्येकीकडून वाटी वाटी साजूक तूप घेऊन आली. मुलं घरून पाट, परात, ताट घेऊन आली. गॅलरीत सगळीकडे पोरं बसली होती, बियांच्या बरण्या मधोमध, आणि मास्तर पाठीमागे हात बांधून ओळींतून फिरत होते. तोंडाने नेहमीचंच. पाहिलेलं काढ. तो मोर खोड, तू मोर कुठे पाहिलायस? ते खुश होते की भ्यालेले, सांगता येत नव्हतं.

मी काय काढायचं ते आधीच ठरवलं होतं. माझं बिस्कीट मी इतरांपेक्षा मोठं थापलं. खजुराची टोपी लावली. काळ्या तिळांची मिशी, झुपकेदार. आणि मिशीखाली हसणारं उघडं तोंड, त्यात खरबुजाच्या पांढऱ्या बिया, शेजारी शेजारी, सरळ ओळीत. लावून झाल्यावर मला भीती वाटली. पाहिलेलंच काढायचं हा त्यांचा नियम, आणि हे तर मी पाहिलेलं नव्हतं. पण तोवर आईने ताट उचललं होतं.

बेकरीत चाचांनी ताटं आत सरकवताना नाक मुरडलं. थोड्या वेळाने तेच नाक पुढे करून भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले. बाहेर काढताना कडेचं एक मोडलं, ते त्यांनी तोंडात टाकलं, चघळलं आणि मास्तरांना म्हणाले, "हे घरला न्यायला दोन देशील काय?" मास्तरांनी चार दिली.

सुट्टीच्या दिवशी शाळा मधल्या पटांगणात रांगा करून बसली. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांत आई. हेडमास्तर खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. मधे टेबलावर ताटं. मास्तर आले. धुतलेला कोट, टोपी सरळ. खिशातून रुमाल अर्धा बाहेर दिसत होता, आणि मला वाटलं, आता बांधून घेतील आणि निघून जातील. शनिवारचा तास गेला, माझा आणि त्यांचा, कायमचा.

त्यांनी ताटावर हात फिरवला. पहिल्या ओळीवरून, दुसऱ्या ओळीवरून. मग हात थांबला. त्यांनी माझं बिस्कीट उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिले. 

"हे कोणी काढलं?"

मी उभी राहिले. 

"किती दात दिलेस मला?"

"चौदा, मास्तर," मी म्हटलं. "जास्त मावले नाहीत."

मास्तरांनी आईकडे पाहिलं. चौदा हा आकडा फक्त आम्हा तिघांना माहीत होता. मग त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी मिशी वर धरली, सव्वाशे पोरांसमोर तोंड उघडलं आणि हसले. मी त्यांना हसताना कधीच पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. त्या तोंडात खाली दोन दात आणि बाकी नुसत्या गुलाबी हिरड्या. पोरं क्षणभर बघत राहिली, आणि मग पुढच्या रांगेतलं पहिलीतलं एक पोर, ज्याचे समोरचे दात त्याच आठवड्यात पडले होते, ते तोंड उघडून त्यांच्याकडे बघून हसलं. त्यावर सगळी शाळा हसली, मास्तरांसकट.

हसत हसतच त्यांनी बिस्कीट तोंडात घातलं. आधी टोपी. मग मिशी. मग ते चौदा दात. कसलाही आवाज झाला नाही. अख्खं बिस्कीट संपलं तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात उघडे करून हेडमास्तरांना दाखवले.

हेडमास्तर खुर्चीतून उठले. ते मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटतं, स्वतःच्या अर्ध्या दाढेचा राग त्यांना त्या क्षणी फार लहान वाटला असावा. त्यांनी ताटातून एक उचललं, चांगल्या बाजूने चावलं, थांबले, आणि उरलेलं मुद्दाम मोडक्या दाढेच्या बाजूने खाल्लं. मग आत जाऊन वेळापत्रकाचा फळा बाहेर आणला आणि शनिवारच्या शेवटच्या तासाचं गणित स्वतःच्या हाताने पुसलं. मी इतक्या जोरात ओरडले की माझा आवाज आठवडाभर बसला.

तो तास पुढे मी शाळा सोडेपर्यंत चालला. मास्तरांची रेघ आणि आईचा हात, या दोहोंच्या जोरावर दर दिवाळीला सबंध शाळेला नागलीची बिस्किटं मिळत राहिली. आईने मैदा मात्र सोडला नाही. नानकटाई तिची तीच राहिली, आणि मास्तरही तिला खळच म्हणत राहिले.

पण त्या वर्षी तिने नानकटाईचं ताट त्यांच्या खोलीवर पाठवलं नाही. पाडव्याला त्यांनाच जेवायला बोलावलं. मास्तर आमच्या घरी पंगतीत, माझ्या वडिलांच्या शेजारी बसले, सगळ्यांच्या देखत, आणि तासभर जेवले. भात, वरण, मऊ पुरणपोळी दुधात कुस्करून, आणि शेवटी नानकटाई. एकदाही रुमाल खिशातून बाहेर आला नाही.